मखलाशी

"भाऊ, माजा मानूस मरून रायला का जगून रायला, तेवढंच सांगा जी," असं सुशिलाबाईंनी मला बुधवारी सकाळी हॉस्पिटलच्या जिन्यात विचारलं आणि मी उत्तर दिलं. उत्तर नेहमीचंच होतं. "ताई, शरीर साथ देत आहे. आपण फक्त धीर सोडायचा नाही." आवाज खालच्या पट्टीत, मान किंचित कललेली, 'आपण'वर हलकासा दाब. 'आपण' हा शब्द फार कामाचा आहे. त्यात बोलणारा येतो, ऐकणारा येतो, मरणाराही येतो आणि जबाबदार मात्र कोणीच राहत नाही. बाई माझ्या दोन पायऱ्या खाली उभ्या होत्या. शनिवारी कामठ्याहून आल्या तेव्हापासून अंगावर तेच हिरवं लुगडं, पदराच्या टोकाला बांधलेली गाठ, पायांच्या भेगांत अजून शेतातली माती. या वाक्यावर लोक मान हलवतात. नऊ वर्षं मी लोकांना या वाक्यावर मान हलवताना पाहिलं आहे. शिकलेले जरा जास्तच हलवतात. बाईंनी हलवली नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे, नळाला पाणी यायची वाट बघत माणूस तोटीकडे बघतो तसं. मग "बरं" म्हणाल्या आणि भिंतीला हात टेकवत खाली उतरल्या. मला वर जायचं होतं. पण मी तिथेच थांबलो. नऊ वर्षांत मला किती तऱ्हांनी विचारलं गेलं होतं: कसे आहेत, सुधारणा आहे का, चान्सेस किती, डॉक्टर काय म्हणतात. या सगळ्या प्रश्नांना आधीच साखर लावलेली असते. विचारणाराच सांगत असतो की बाबा रे, मला खरं सांगू नकोस. बाईंनी दोनच शब्द पुढे ठेवले होते आणि म्हटलं होतं, यातला एक उचल. मी तिसराच काढून दिला.

माझ्या गळ्यात जी पट्टी असते तिच्यावर 'हेमेंद्र' आणि खाली 'रुग्ण-संवाद अधिकारी' असं लिहिलेलं आहे. हे पद माझ्याआधी नव्हतं आणि माझ्यामुळे निर्माण झालं, हे मी पूर्वी अभिमानाने सांगायचो. त्याआधी मी गोंदियात सूत्रसंचालन करायचो. गणेशोत्सव, सत्कार, निवृत्तीचे निरोप, शोकसभा, काहीही. मराठीत सुरुवात, हिंदीत शेर, समोर पोवार मंडळी दिसली की मध्ये दोन वाक्यं पोवारीत, लोक खूश. ज्याने आयुष्यात कोणाला ग्लासभर पाणी दिलं नाही त्याला मी दानशूर केलं. राईस मिलवाल्याला अन्नदाता केलं, कंत्राटदाराला शिल्पकार केलं, आणि जो नुसता जाडा होता त्याला उत्तुंग व्यक्तिमत्त्व. आमच्या गावाला हे लागतंच. चौकाचौकांत फ्लेक्सवर हात जोडून उभी असलेली माणसं बघा; प्रत्येकाच्या नावाआधी चार विशेषणं आणि चारही खोटी, आणि ती खोटी आहेत हे फ्लेक्स बांधणाऱ्यापासून खालून जाणाऱ्या गायीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. बोलाचाच भात, बोलाचीच कढी, आणि जेवून तृप्त कोण नाही? या हॉस्पिटलच्या उद्घाटनाला मीच माइकवर होतो. मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे मालकांना, मी 'ज्यांच्या नुसत्या बोलण्याने अर्धा आजार बरा होतो' असं म्हटलं. ते माणूसघाणे आहेत आणि रुग्णाशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ये जो तुम बोलते हो ना, ये हमारे यहाँ बैठके बोलो."

तेव्हापासून मी इथे बसून बोलतो. माझी एक पद्धत आहे, आणि ती पद्धत मी बनवली आहे. 'मरण' हा शब्द या इमारतीत उच्चारायचा नाही. 'वाचणार नाही' म्हणायचं नाही. 'आजची रात्र महत्त्वाची' म्हणायचं. 'काही उपयोग नाही' म्हणायचं नाही. 'आमचे प्रयत्न सुरू आहेत' म्हणायचं. नातेवाईक तावातावाने आले तर आधी पाणी विचारायचं. रडायला लागले तर खांद्याला हात लावायचा नाही, कोपराला लावायचा. खांद्याला लावला की माणूस कोसळतो आणि वेळ जातो. दर शनिवारी दुपारी मी नव्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना एका खोलीत बसवून हे शिकवतो. एक नातेवाईक होतो, एक डॉक्टर होतो, बाकीचे बघतात. "सर, आप तो कमाल हो," असं पोरं म्हणतात. 'शरीर साथ देत आहे' हे वाक्य माझं. त्याचं हिंदीही माझंच. मला ते सुचलं तेव्हा इतकं आवडलं होतं की घरी जाऊन रेणूला ऐकवलं होतं. माझी बायको भाजी चिरत होती, ती म्हणाली, "म्हणजे वाचतो की नाही?" मी म्हटलं, तेच तर, ते कळतच नाही. ती पुन्हा भाजी चिरायला लागली. याच दिवाळीत ती मला म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलता ना, तेव्हा मला वाटतं माझं कोणीतरी वर अ‍ॅडमिट आहे." मी हसलो होतो. ती हसली नव्हती, हे मला आत्ता जिन्यात आठवलं.

या सगळ्याला एक शब्द आहे, आणि तो आमच्या घरात रोज वापरला जायचा. माझे वडील शालीकराम मास्तर मुर्रीच्या शाळेत होते. मी अभ्यास का झाला नाही हे सांगायला तोंड उघडलं की ते म्हणत, "मखलाशी नको. झाला की नाही?" आई भाजीत मीठ जास्त पडल्याचं कारण सांगू लागली तरी तेच. ते सांगत की जुन्या दप्तरांत कागद लिहून झाला की शेवटी वरचा अधिकारी जो शेरा मारी, ती मखलाशी. कागद खरा असो की खोटा, ती पडली की तो गुळगुळीत होऊन पुढे सरके. हे त्यांनी कुठे वाचलं होतं ते ठाऊक नाही, पण त्या शब्दाबरोबर त्यांचे ओठ असे काही वळत की जणू तोंडात किडका शेंगदाणा आला आहे. लाडीगोडी, गोडबोलेपणा, लोणी लावणं, हे सगळं ते एक वेळ माफ करत. लाडीगोडी करणाऱ्याला काहीतरी हवं असतं, ते दिसतं तरी, असं त्यांचं म्हणणं. मखलाशी करणारा मात्र असं बोलतो की ऐकणारा स्वतःहून आपलं नुकसान करून घेतो आणि वर आभार मानून जातो. या फरकाची मला लहानपणी गंमत वाटायची. पुढे मी तोच फरक पोटापाण्याला लावला.

वडिलांच्या निवृत्तीचा कार्यक्रम झाला तेव्हा सूत्रसंचालन मीच केलं. चार जण बोलले. एकाने त्यांना ज्ञानसूर्य म्हटलं, एकाने सांगितलं की मास्तरांनी स्वतःच्या पगारातून गरीब मुलांना वह्या घेऊन दिल्या. वडील उठले, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "यातलं मी काहीही केलेलं नाही. वह्या मी कधी घेऊन दिल्या नाहीत. मी मुलांना मारायचो, त्यातल्या दोघांना विनाकारण मारलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाकी सगळी मखलाशी आहे." आणि बसले. मग पहिल्या ओळीतून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. किती नम्रपणा! अशी माणसं आता कुठे! मीसुद्धा माइक उचलून म्हणालो, "हाच तो मोठेपणा, जो स्वतःकडे लहानपण घेतो." टाळ्या वाढल्या. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर मला चाललं असतं. पुढे सहा वर्षं ते जगले, आणि त्या सहा वर्षांत त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

मी कँटीनमध्ये जाऊन बसलो आणि चहा थंड होऊ दिला. शनिवारपासूनचं सगळं एकेक वर येत होतं. बकाराम, म्हणजे सुशिलाबाईंचा नवरा, धान कापणीला गेलेला असताना बांधावर कोसळला. मेंदूत रक्त साकळलं होतं. त्याचा धाकटा भाऊ केशोराव आणि बाई त्याला घेऊन आले. रविवारी बाई माझ्या टेबलासमोर बसल्या आणि त्यांनी सगळं नीट सांगितलं होतं, इतकं नीट की मला न समजल्याचं सोंगही घेता येत नाही. "भाऊ, तसं काई असन तर मले आधी सांगजा. त्याले घरी नेतो मी. घरच्या भुईवर ठेवतो, सगेसोयरे येतीन, एकेक जन तोंडात पानी घालन. जित्या तोंडात घालाचं रायते जी, मेल्यावर घालून का फायदा? त्यानं माज्याकडून शब्द घेतला हाय. त्याची माय दवाखान्यात मेली, कोनी पानी नाई घातलं, ते त्याच्या मनातून जातच नाई." बाई रडत नव्हत्या. व्यवहार सांगावा तसं सांगत होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं: बरं, सांगतो. मी म्हणालो, "ताई, ती वेळच येणार नाही. मी आहे ना." आणि बाईंचा चेहरा असा उजळला, हात जोडून त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडात साखर पडो जी." साखरेची कमी तिथे कधीच नव्हती.

सोमवारी मुलगी आली, दुर्गेश्वरी, सडक अर्जुनीला दिलेली. कडेवर तान्हं मूल, डोळे सुजलेले. तिने विचारलं, थांबू की जाऊ? मूल तापलेलं होतं, घरी सासू एकटी. हा प्रश्न मला विचारायचं काही कारण नव्हतं. पण लोक मलाच विचारतात, कारण मी उत्तर देतो. मी म्हटलं, "तुम्ही निर्धास्त जा. बाबा बरे झाले की पहिला फोन तुम्हालाच करतील, बघा." 'बघा' म्हणताना मी हसलोही. ती गेली. हे मी का बोललो? मला कोणी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलला तिच्या थांबण्या-जाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे, पण हे वाक्य त्यांचं नाही. मी बोललो, कारण वाक्य जमून आलं होतं. जिभेच्या टोकावर तयार होऊन बसलेलं वाक्य मला गिळता येत नाही. मंगळवारी पुन्हा तपासणी झाली. आमचे तरुण डॉक्टर हिमांशू मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाई, अंदर कुछ बचा नहीं है. दो दिन, बस. आप संभाल लो." मी खाली आलो आणि बाईंना म्हणालो, आजची रात्र महत्त्वाची, रात्र निघाली की आपण निघालो. आणि रात्र निघाली, कारण रात्री निघतातच.

चहावर साय धरली होती. मी मनातल्या मनात वाक्य बनवू लागलो. 'तुमचा माणूस वाचत नाही. आत्ता घरी न्या.' सात शब्द. मुर्रीत आमच्या शेजारच्या कोणत्याही म्हातारीने ते भांडी घासता घासता म्हटले असते. मी म्हणून पाहिले, ओठांतल्या ओठांत, तर आधी 'ताई' आलं. मग 'मन घट्ट करा' आलं. मग 'आपण' आलं. मी ते काढून टाकत होतो आणि ते पुन्हा येत होतं. मला वाटलं, झाडीबोलीत बोलून पाहावं, आईच्या बोलीत, जी मी कॉलेजला गेल्यावर टाकली, ती फक्त स्टेजवर हशा पिकवण्यापुरती काढायचो. 'तुमचा मानूस मरून रायला.' म्हटलं, आणि मला नक्कल ऐकू आली. तीच, जिच्यावर शिट्ट्या पडतात. माझी आई ज्या भाषेत माझ्यासाठी रडली असेल तिची मी नक्कल करू शकत होतो, बोलू शकत नव्हतो. एवढी किळस मला स्वतःची कधी आली नव्हती, आणि तीही बरी वाटली. कोणीतरी आतून खडबडीत बोलत होतं.

बाराच्या सुमाराला मी वर गेलो आणि हिमांशूला सरळ विचारलं, "कितना टाइम?" माझा स्वर ऐकून तो दचकला. "अभी निकले तो साँस चलते घर पहुँच जाएगा. कामठा दूर थोड़ी है. शाम का मैं नहीं बोल सकता." मी म्हटलं, मी त्यांना सांगतो. तो म्हणाला, "हाँ, संभाल लो." मी म्हटलं, सँभालना नाही, सांगतो. तो गोंधळून हसला. खाली आमची अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती, ड्रायव्हरला मी थांबायला सांगितलं. त्याच वेळी फाटकातून एक पांढरी गाडी आत आली, पाठोपाठ दोन गाड्या. गावातल्या कोणा बड्या माणसाची आई. धावपळ झाली, खुर्च्या सरकल्या, मोठे डॉक्टर स्वतः खाली आले आणि मला पाहताच म्हणाले, "हेमेंद्र, ऊपर एक बेड देखो." ते हे बोलले तेव्हा सुशिलाबाई आणि केशोराव चार हातांवर बाकावर बसलेले होते. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात सात शब्द होते, ते सांडू नयेत म्हणून मी सांभाळून चालत होतो.

मी बाईंसमोर खाली जमिनीवर बसलो. "बाई," मी म्हटलं. 'ताई' आलं नाही, याचा मला आनंद झाला, हेही सांगून टाकतो. "तुमचा माणूस वाचत नाही. आत्ता घरी न्या. पाणी घालायला मिळेल. गाडी बाहेर उभी आहे."

केशोराव बोलला. "पलंग कोनाले पाहिजे?"

"काय?"

"पलंग. आता तो गाडीवाला आला नं, त्याच्या मायले पलंग पाहिजे. आमी आयकलं."

"नाही हो. त्याचा काही संबंध नाही."

"असं कसं जी?" बाई आता बोलल्या, हळू, एकेक आठवत. "ऐतवारी तुमी म्हनाले, ती वेळ येनारच नाई. सोमारी माज्या पोरीले म्हनाले, बाप फोन करन. काल म्हनाले, रात निघाली का निघालो. निघाली नं रात? आज सकारी म्हनाले, शरीर साथ देऊन रायलं. मंग दोन घंट्यात का झालं? तो तर तसाच हाय. गाडी नवीन आली, बस."

"मी खोटं बोलत होतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो आणि ते इतकं मऊ आलं, इतकं दर्दभरलं आलं, की मलाच ते स्टेजवरचं वाटलं. "बाई, मी चारही दिवस खोटं बोललो. मला माफ करा. पण आता खरं सांगतो आहे."

बाई माझ्याकडे बघत होत्या. सकाळी बघत होत्या तशाच, तोंडाकडे. त्यांना राग आला नव्हता. उलट कीव असावी. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तवा खोटं बोलले, आन आताबी तसेच बोलून रायले, तसंच गोड. मी कसं वरखू जी, कोनतं खरं?"

मला ओरडायचं होतं. मी घसा मोठा केला आणि आवाज मोठा झाला नाही, फक्त खोल झाला. बाकावरचे लोक वळून बघू लागले. केशोराव म्हणाला, "डॉक्टरले बोलवा. त्यानं म्हटलं तर नेतो." यात काहीच चूक नव्हती. मी धावत वर गेलो. जिना, दार, पडदा. हिमांशू पांढऱ्या गाडीतल्या म्हातारीचा रक्तदाब घेत होता. मी त्याला दंडाला धरून आणलं. जिन्यात सांगितलं, त्यांना फक्त खरं सांग, तू जे मला सांगितलंस तेच, त्याच शब्दांत. "हाँ हाँ, भाई, बोलता हूँ," तो म्हणत होता. चांगला मुलगा आहे. गेल्या वर्षी शनिवारच्या खोलीत तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा नातेवाईक झालेल्या सिस्टरला म्हणाला होता, "देखिए, वो नहीं बचेंगे." सगळे हसले होते. मी त्याला तीन आठवडे बसवलं. चौथ्या आठवड्यात त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या.

बाई उठून उभ्या राहिल्या. हिमांशू त्यांच्यासमोर आला. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं, आणि मी त्याची मान किंचित कलताना पाहिली. मला कळलं. त्याच्या तोंडावर हात ठेवायला मी पुढे झालो असतो तरी उशीर झाला होता.

"माताजी," तो म्हणाला, खालच्या पट्टीत, "शरीर साथ दे रहा है. हम पूरी कोशिश कर रहे हैं."

"पाहा," बाई मला म्हणाल्या. बस, एवढंच. त्यात विजय नव्हता, सुटका होती. त्या पुन्हा बाकावर बसल्या, पदराची गाठ मुठीत धरली आणि देवाचं नाव घेऊ लागल्या. मी हिमांशूला म्हणालो, हे काय बोललास तू? तो पांढराफटक पडला होता. "भाई, निकल गया मुँह से," तो म्हणाला. "उनको देखके निकल गया." मी म्हटलं, पुन्हा जा. तो गेला. त्याने पुन्हा बोलायला सुरुवात केली, "देखिए, वैसे सीरियस तो है..." आणि केशोरावाने त्याला मध्येच तोडून विचारलं, "इनने सिखाया क्या, अभी ऊपर ले जाके?" हिमांशूने माझ्याकडे पाहिलं. शिकवलं तर मीच होतं. मोठ्या डॉक्टरांनी वरून त्याला हाक मारली आणि तो गेला.

मग मी तीन तास त्या बाकापासून काही अंतरावर उभा राहिलो. पुन्हा दोनदा जाऊन पाहिलं. एकदा बोललो, एकदा नुसता उभा राहिलो. दोन्ही वेळा केशोराव मध्ये आला. एकदा मला वाटलं, वर जाऊन पेशंटच खाली आणावा, जबरदस्ती. ते कसं दिसलं असतं हे लगेच डोळ्यांपुढे आलं, चारचौघांत पलंग रिकामा करून घेणारा माणूस. पांढऱ्या गाडीतल्या म्हातारीला दुसरा पलंग केव्हाच मिळाला होता. तो कुठूनही मिळाला असता. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने विचारलं, जाऊ का जेवायला? मी म्हटलं, जा. बाहेर धानाने भरलेले ट्रॅक्टर बाजार समितीकडे चालले होते, एकामागे एक, कोणी घाईत नव्हतं. अडीचला बाईंनी डबा उघडला, केशोरावाला अर्धी भाकर दिली, अर्धी स्वतः खाल्ली. चार दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच खाताना पाहिलं. भूक लागली होती, कारण डॉक्टरने सांगितलं होतं.

चारला दहा मिनिटं असताना वरून फोन आला. ललिता सिस्टर होत्या. "सर, कामठावाले गए. नातेवाईकांना सांगायचं आहे." मी फोन ठेवला आणि बाकाकडे निघालो. दहा-बारा पावलांचं अंतर. मला काहीही सुचत नव्हतं, आणि मला वाटलं, हे बरं आहे, सुचलं नाही तर कदाचित खरं बोलेन. बाईंनी मला येताना पाहिलं. पाहताच त्यांना कळलं, माझी खात्री आहे. मी त्या वेळी कसा चालत होतो कोणास ठाऊक. त्या उठल्या. मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात पुढे केला, पंजा उघडा, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा.

"तुमी नोका बोलू," सुशिलाबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "दुसऱ्या कोनाले पाठवा. जो सांगन, त्याचं मी आयकतो. तुमचं नाई."

मी वळलो आणि जिना चढून वर गेलो. दुसरा माणूस शोधायचा होता. सुपारीच्या खांडाएवढं काम, एक वाक्य. ड्यूटीवर तिघं होती. हिमांशू पडद्याआड भिंतीला टेकून उभा होता, ललिता सिस्टर कागद भरत होत्या, आणि एक नवी सिस्टर, अल्का, बकारामच्या अंगावर चादर ओढत होती. अल्काला मी नावाने हाक मारली आणि म्हटलं, खाली जाऊन सांगशील का, नुसतं सांगायचं आहे. ती लगेच तयार झाली. केस नीट केले, चेहरा गंभीर केला आणि मला विचारलं, "सर, 'प्रयत्नांना यश आलं नाही'पासून सुरू करू ना? शनिवारी तुम्ही सांगितलं तसं?"